क्रियापद कोणाचं ऐकतं? मराठी वाक्य पहिल्यापासून शिकताना

माझी भाची इंग्रजी माध्यमात शिकली. मराठी फाडफाड बोलते, भांडते तर त्याहून फाडफाड, पण लिहायची वेळ आली की तिचा हात थबकतो. नव्या नोकरीत तिला मराठीतून सूचना आणि पत्रं लिहावी लागतात. एका रात्री तिचा मेसेज आला: "मामा, मी 'मी पत्र वाचली' असं लिहिलं तर सर हसले. का? मी मुलगी आहे ना? मग 'वाचली'च होणार ना?"

प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. तिने नियम लावला होता, फक्त चुकीच्या ठिकाणी. 'मी आले' मध्ये ती मुलगी असल्याचं क्रियापदाला कळतं. 'मी पत्र वाचलं' मध्ये त्याला त्याची पर्वा नसते, ते पत्राकडे बघतं. असं का, हे शाळेत ज्यांना कोणी नीट सांगितलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांची शाळा मराठीच होती पण व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसले, त्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी एक सूचना. व्याकरण म्हटलं की आपल्याला विभक्तीचा तक्ता आठवतो. स-ला-ते, स-ला-ना-ते, ने-ए-शी, नी-शी-ही, ऊन-हून, चा-ची-चे, त-ई-आ. तो तक्ता तूर्त बाजूला ठेवा. तो संस्कृतच्या मापाने शिवलेला अंगरखा आहे. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय हुबेहूब सारखे, आणि त्यातला 'ते' तर आज कोणी वापरतही नाही. 'रामाते बोलाव' असं घरात म्हणून बघा. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये, आणि तेव्हापासून विभक्ती किती नि प्रयोग किती यावर वाद चालू आहेत. ते वाद मजेचे आहेत, पण पोहायला शिकणाऱ्याने आधी विहिरीची खोली मोजत बसू नये.

पायरी पहिली: वाक्य शेवटाकडून बघा

मराठी वाक्याचा कारभारी शेवटी बसतो. कर्ता, मग कर्म, मग क्रियापद: 'आजीने मांजराला दूध दिलं.' वाक्य समजून घ्यायचं तर आधी शेवटचं क्रियापद शोधा आणि त्याला प्रश्न विचारा. दिलं, पण कोणी? आजीने. काय? दूध. कोणाला? मांजराला. शाळेत याला वाक्यपृथक्करण म्हणायचे आणि ते फार रुक्ष वाटायचं, पण प्रश्न विचारण्याची ही सवय पुढच्या सगळ्या पायऱ्यांना लागते.

शब्दांची जागा हलवली तरी मराठीत अर्थ मोडत नाही, वजन मात्र सरकतं. क्रियापदाच्या लगेच आधी जो शब्द येतो त्याच्यावर जोर पडतो. 'मांजराला दूध आजीने दिलं' म्हणजे मी नाही दिलं, माझ्यावर ओरडू नका. 'आजीने दूध मांजराला दिलं' म्हणजे नातवाला नाही दिलं, आणि इथे तक्रारीचा सूर आहे. क्रियापदानंतर टाकलेला शब्द आठवण झाल्यासारखा मागून येतो: 'दिलं की दूध, आजीने.' बोलताना आपण हे सगळं न शिकता करतो. लिहिताना मात्र जो शब्द महत्त्वाचा तो क्रियापदाला चिकटवून ठेवायचा, एवढं लक्षात ठेवलं तरी वाक्यं सुधारतात.

पायरी दुसरी: नाम भेटलं की त्याचं लिंग विचारा

हिंदीत दोन लिंगं, मराठीत तीन. गुजराती आणि कोकणीतही तीनच. निर्जीव वस्तूंना लिंग कशावरून मिळालं ते शोधू नका, उत्तर मिळत नाही. भिंत ती, दरवाजा तो, घर ते. एका पुरुषाबद्दल बोलत असलात तरी 'ती व्यक्ती' स्त्रीलिंगीच राहते.

ओळखायची युक्ती सोपी आहे: नामाआधी हा, ही, हे लावून बघा आणि कानाला विचारा. हा डबा, ही पिशवी, हे ताट. घरात मराठी बोलणाऱ्याचा कान नव्वद टक्के वेळा बरोबर सांगतो. परक्या शब्दांनाही आपण लिंग देऊन टाकलंय: ती बस, ती फाइल, तो फोन, ते तिकीट. टेबल आणि पेन मात्र काही घरांत 'तो' आहेत, काही घरांत 'ते'. दोन्ही चालतात, एका लेखात एकच धरा म्हणजे झालं.

एक शब्द मुद्दाम जवळून बघू, कारण त्यात भले भले घसरतात. 'वेळ' हा शब्द दोन लिंगांत फिरतो आणि दोन्हीकडे अर्थ वेगळा. 'माझा वेळ गेला' यातला वेळ म्हणजे कालावधी, तो पुल्लिंगी. 'जेवायची वेळ झाली' यातली वेळ म्हणजे घड्याळातला नेमका क्षण किंवा प्रसंग, ती स्त्रीलिंगी. म्हणून 'माझ्याकडे वेळ नाही, कारण गाडीची वेळ झाली' हे वाक्य अगदी बरोबर आहे. 'माझी वेळ वाया गेली' असं लिहिणारा एकतर ज्योतिषाकडे जाऊन आलेला असतो किंवा चुकलेला असतो.

पायरी तिसरी: प्रत्यय लावण्याआधी नाम वाकतं

'घर' ला 'त' लावला की 'घरत' होत नाही, 'घरात' होतं. 'आंबा' ला 'चा' लावला की 'आंब्याचा'. प्रत्यय घेण्याआधी नाम जे रूप घेतं त्याला सामान्यरूप म्हणतात. नाव सामान्य असलं तरी मराठीतल्या निम्म्या चुका इथेच होतात.

मोठे गट थोडक्यात असे. आकारान्त, म्हणजे शेवटी 'आ' असलेल्या, पुल्लिंगी नामात 'या' येतो: डबा–डब्यात, रस्ता–रस्त्यावर, सातारा–साताऱ्याला. नात्याचे शब्द मात्र ताठ राहतात: काकाला, दादाला, आणि सुदैवाने मामाला; 'माम्याला' कोणी म्हणत नाही. अकारान्त, म्हणजे शेवटी 'अ' असलेल्या, पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी नामांत 'आ' येतो: दगडाला, झाडाला. शाळा, भाषा यांसारखे आकारान्त स्त्रीलिंगी शब्द 'ए' घेतात: शाळेत, भाषेत. पुणे–पुण्यात, पाणी–पाण्यात, लोणी–लोण्यात. लिंबू–लिंबाचं आणि पाखरू–पाखराला, पण कुंकू–कुंकवाचा. ऊकारान्तांचं असंच असतं, ऐकून शिकायचं.

स्त्रीलिंगी अकारान्त शब्दांची एक युक्ती मला फार आवडते. भिंतीवर, पण वाटेवर. एकात ई, दुसऱ्यात ए. कुठे काय, हे कसं कळणार? अनेकवचन करून बघा. एक भिंत, दोन भिंती, म्हणून भिंतीवर. एक वाट, दोन वाटा, म्हणून वाटेवर. वीट–विटा, म्हणून विटेवर उभा असतो तो विठोबा. जीभ–जिभा–जिभेवर, रात्र–रात्री–रात्रीचा. अनेकवचन 'आ' असेल तर सामान्यरूप 'ए', अनेकवचन 'ई' असेल तर सामान्यरूपही 'ई'. अनेकवचन तर आपल्याला येतंच.

गावांच्या नावांत गंमत आहे. आपण 'नाशिकला' जातो, पण राहतो 'नाशकात'. 'कोल्हापूरला' जातो, 'कोल्हापुरात' मिसळ खातो. म्हणजे अशा अकारान्त गावांचं नाव 'ला' लागताना ताठ राहतं आणि 'त' लागताना वाकतं. माणसांची नावंही आता ताठच: महेशला, महेशने.

इंग्रजीतून आलेले शब्द किती वाकतात हे ते घरात किती मुरले यावर आहे. बँक पूर्ण मुरली: बँकेत. ऑफिस अर्धवट: कोणी ऑफिसात जातं, कोणी ऑफिसमध्ये. बस मात्र वाकवू नका. भिंत–भिंतीत या चालीवर 'बस–बशीत' केलंत तर प्रवाशांना चहाबरोबर प्यावं लागेल. 'बसमध्ये' म्हणा.

आता जी चूक मी मजकूर तपासताना सगळ्यात जास्त वेळा दुरुस्त करतो ती. नाम वाकलं की त्याच्या पुढे उभे असलेले आकारान्त शब्दही वाकतात, रांगेने सगळे. 'माझा मोठा भाऊ', पण 'माझ्या मोठ्या भावाला'. 'तिचं नवं घर', पण 'तिच्या नव्या घरात'. 'तो माणूस', पण 'त्या माणसाला'. 'माझा मोठ्या भावाला' किंवा 'ते घरात' असं लिहिलं की रांगेतला एकजण वाकायचा विसरतो. लाल, हुशार, छान असे शब्द मात्र कोणासमोरच वाकत नाहीत: लाल साडीला, हुशार मुलीने.

पायरी चौथी: क्रियापद मोकळ्या नामाचं ऐकतं

आता भाचीच्या प्रश्नाकडे. हीच खरी पायरी, इथे सावकाश चढा.

ज्या नामाला कुठलाही प्रत्यय लागलेला नाही त्याला आपण 'मोकळं' म्हणू. (हा शब्द माझा, पुस्तकात शोधू नका.) नियम एका ओळीचा आहे: क्रियापद मोकळ्या नामाचं ऐकतं. कर्ता मोकळा असेल तर कर्त्याचं. कर्त्याला प्रत्यय लागलेला असेल तर मोकळ्या कर्माचं. दोघांनाही प्रत्यय लागले असतील तर क्रियापद कोणाचंच ऐकत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात गप्प बसतं.

बघा. 'सुमन आंबा खाते.' सुमन मोकळी आहे, क्रियापद तिचं. सुमनच्या जागी रमेश आला तर 'खातो'. आंब्याच्या जागी चिंच आणून ठेवली तरी काही बदलत नाही. आता भूतकाळ: 'सुमनने आंबा खाल्ला.' सुमनला 'ने' लागला, ती अडकली. मोकळा आहे आंबा, म्हणून 'खाल्ला'. 'सुमनने चिंच खाल्ली, केळं खाल्लं, पोहे खाल्ले, भाकऱ्या खाल्ल्या.' सुमनच्या जागी रमेशला बसवा, एक अक्षरही बदलणार नाही. तिसरा प्रकार: 'पोलिसांनी चोराला पकडलं.' पोलिसांना 'नी', चोराला 'ला'. मोकळं कोणीच नाही. चोर दहा असोत, बाई असो, पकडलं ते पकडलंच.

या तिघांना पुस्तकात अनुक्रमे कर्तरी, कर्मणी आणि भावे प्रयोग म्हणतात. नावं पाठ नसली तरी चालेल. 'ने कधी लागतो' एवढं मात्र हवं: साधारणपणे कर्म घेणाऱ्या क्रियापदाला भूतकाळात. 'रमेश गेला', 'रमेश झोपला' यांत कर्मच नाही, म्हणून 'ने' नाही.

मग 'मी पत्र वाचलं' मध्ये 'मी' ला कुठे 'ने' आहे? दिसत नाही, पण आहे असं धरायचं. जुन्या मराठीत इथे 'म्यां' यायचं आणि 'तू' च्या जागी 'त्वां'. ती रूपं गेली, त्यांचं वागणं मागे राहिलं. म्हणून मी, तू, आम्ही, तुम्ही हे चौघं दिसायला मोकळे, पण अशा भूतकाळी वाक्यात प्रत्यय लागल्यासारखे वागतात. भाचीने पत्र वाचलं तरी 'मी पत्र वाचलं', चिठ्ठी वाचली तर 'मी चिठ्ठी वाचली', आणि मी स्वतः चिठ्ठी वाचली तरी 'मी चिठ्ठी वाचली'. ती मुलगी असण्याचा इथे संबंध नाही.

'तू' ची तऱ्हा आणखी वेगळी. 'तू आंबा खाल्लास, चिंच खाल्लीस, पोहे खाल्लेस, भाकऱ्या खाल्ल्यास.' क्रियापद ऐकतं कर्माचंच, पण जाता जाता शेवटी 'स' लावून 'तू' ला सलाम ठोकतं. एकाच शब्दात दोघांची मर्जी राखलेली. 'तू आंबा खाल्ला' असं हल्ली सर्रास ऐकू येतं. लिहिताना तो 'स' जपा.

आता अपवाद, आणि ते पाठच करावे लागतात. काही क्रियापदं कर्म असूनही कर्त्याला सोडत नाहीत: विसरणे, शिकणे, बोलणे, पिणे, नेसणे. भाचीला मी दोन वाक्यं शेजारीशेजारी लिहून दिली: 'मी डबा खाल्ला.' 'मी डबा विसरले.' डबा तोच, मुलगी तीच. पहिल्या वाक्यात क्रियापद डब्याचं, दुसऱ्यात मुलीचं. 'ती साडी नेसली', 'तो पाणी प्यायला', 'आम्ही मराठी शिकलो'. 'त्याने पाणी प्यायलं' हेही आता कानावर येतं आणि मी त्यावर भांडत नाही. 'म्हणणे' तर दोन्ही घरचा पाहुणा आहे: 'ती म्हणाली, उशीर झाला', पण 'तिने श्लोक म्हटला'.

कर्माला 'ला' कधी लागतो? निर्जीवाला सहसा नाही, सजीवाला सहसा हो. पण दोन्ही शक्य असतात तिथे अर्थ पालटतो. 'आम्ही मुलगी पाहिली' आणि 'आम्ही मुलीला पाहिलं'. पहिल्यात कांदेपोहे झालेले आहेत. दुसऱ्यात ती फक्त बसस्टॉपवर दिसली.

बोलीबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. विदर्भात बायकांच्या तोंडी 'मी आली' ऐकू येतं. या चुका नव्हेत, त्या त्या घरची रूपं आहेत. ऑफिसच्या पत्रात प्रमाणरूप 'मी आले' लिहा, आणि घरी फोनवर आईशी जसं बोलता तसंच बोला. बोली सुधारायला निघालेल्या माणसाशी माझं जमत नाही.

पायरी पाचवी: 'मला' ची वाक्यं

चौथी पायरी चढली असेल तर ही फुकटात मिळते. मराठीत भूक, ताप, आवड, गरज या गोष्टी आपण करत नाही, त्या आपल्याला होतात. 'मला भूक लागली.' 'मला ताप आला.' 'मला' ला प्रत्यय आहे, मोकळी आहे भूक, मोकळा आहे ताप, क्रियापद त्यांचं. 'मला आंबा आवडतो, चिंच आवडते, पोहे आवडतात.' 'मला तू आवडतोस' मध्येसुद्धा क्रियापद 'तू' चंच. 'मला चहा हवा, साखर हवी, दूध हवं.' 'मला चहा प्यायचा आहे, भाजी आणायची आहे, पत्र लिहायचं आहे.' पाहिजे हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही, पण अनेकवचनात 'त' घेतो: 'दोन पोळ्या पाहिजेत.'

हिंदीच्या शेजारामुळे इथे दोन गोष्टी शिरल्यात. 'माझी मदत कर' असं मराठीत नाही, 'मला मदत कर'. आणि 'तो मला बोलला की उद्या येतो' ऐवजी 'तो मला म्हणाला'. मराठीत 'बोलला' म्हटलं की काहीतरी लागेल असं बोलला, असा वास येतो. 'सासू तिला बोलली' यावर एक अख्खी मालिका निघते.

पायरी सहावी: नकार

छोटी पायरी. 'नाही' हे क्रियापदासारखं वाकतं: तू आला नाहीस, ते आले नाहीत. 'पाहुणे आले नाही' ही चूक छापील मजकुरातही दिसते. तिथे 'त' हवा. 'आहे' चा नकार 'नाही', 'होता' चा 'नव्हता', 'असतो' चा 'नसतो', 'हवा' चा 'नको'. आज्ञेचा नकार 'करू नको, करू नका', आणि पाटीवर 'येथे कचरा टाकू नये'. 'मी येईन' चा नकार 'मी येणार नाही'. 'नाही येईन' असं होत नाही.

पायरी सातवी: दोन वाक्यं जोडताना

इथे इंग्रजी माध्यम सगळ्यात जास्त उघडं पडतं. 'तो मुलगा जो काल आला होता माझा मित्र आहे.' शब्द मराठी, सांगाडा परका. मराठीला दोन वाटा आहेत. एक, जोडीची: 'जो मुलगा काल आला होता, तो माझा मित्र.' 'जो' आधी, 'तो' नंतर. दुसरी, आणि रोजच्या बोलण्यातली: 'काल आलेला मुलगा माझा मित्र आहे.' आलेला, येणारा, केलेलं, राहिलेली अशी रूपं वापरली की 'जो, ज्याने, ज्यामुळे' यांची गर्दी ओसरते.

दुसरं हत्यार 'ऊन': 'मी जेवून झोपलो.' एक अट आहे, दोन्ही कामं करणारा एकच हवा. 'घरी जाऊन पाऊस सुरू झाला' म्हटलं तर पाऊस घरी गेला असा अर्थ होतो. तिथे 'घरी गेल्यावर पाऊस सुरू झाला'. ('पाऊस पडून चिखल झाला' मात्र चालतं, कारण पहिल्यामुळे दुसरं घडलंय.)

आम्ही आणि आपण यांची गल्लत याच पायरीवर सांगतो, कारण पत्रात ती महागात पडते. 'आम्ही जेवायला चाललो' म्हणजे तुम्ही नाही. 'आपण जेवायला जाऊ' म्हणजे तुम्हीही चला. ग्राहकाला 'आपण पैसे भरू' असं लिहिलंत तर अर्धे पैसे तुम्ही भरणार असं तो समजेल, आणि व्याकरण त्याच्या बाजूने असेल.

सरकारी वळणाच्या 'करण्यात येत आहे' पासून मात्र लांब राहा. 'बैठकीचे आयोजन करण्यात आले आहे' म्हणजे कोणी केलं? 'सोसायटीने बैठक ठेवली आहे.' कर्ता सापडला की वाक्य आपोआप आखूड होतं.

पायरी आठवी: आता शुद्धलेखन

आता, आधी नाही. वाक्य उभं राहायच्या आधी ऱ्हस्व-दीर्घाची भीती घातल्यामुळेच कितीतरी लोक मराठी लिहायचं सोडून देतात. मराठी साहित्य महामंडळाचे नियम एकूण अठरा: १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली चारांची भर. नवख्याने तीन-चारांपासून सुरुवात करावी.

पहिला, अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार: मुलांना, झाडांवर, मैत्रिणींनी. आदरार्थी बोलतानाही तोच: सरांनी, आजोबांना. 'ने' एकाचा, 'नी' अनेकांचा किंवा मानाचा: मुलाने, पण मुलांनी. 'मुलानी' हे धड इकडचं नाही, धड तिकडचं नाही.

दुसरा, शब्दाला चिकटणारे शब्द चिकटवा. 'महिलां साठी', 'घरा समोर', 'कंपनी च्या' असं तोडून लिहायची सवय पाट्यांवरून आणि फोनच्या कीबोर्डवरून आली आहे. महिलांसाठी, घरासमोर, कंपनीच्या. हिंदीत 'घर के सामने' असं सुटं लिहितात, मराठीत नाही.

तिसरा, शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: पाटी, कवी, गुरू. 'आणि' मात्र ऱ्हस्व, आणि हा शब्द दिवसातून पन्नासदा लिहावा लागतो, म्हणून आधी हाच पक्का करा. चौथा, मराठी शब्दात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं: फूल–फुलाचा, बहीण–बहिणीला, मूल–मुलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत: शरीर–शरीरात.

'केलं' की 'केले'? बोलण्याच्या वळणाने लिहिता आहात तर केलं, असं, घरं. औपचारिक पत्रात केले, असे, घरे. एकाच परिच्छेदात दोन्ही नकोत, बस.

सराव

रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या, आठ-दहा ओळींचा. पेन्सिलीने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग त्या वाक्यातलं मोकळं नाम शोधा आणि तिथून क्रियापदापर्यंत बाण काढा. बाण काढता आला नाही तर वाक्य एकतर भावे आहे किंवा छापताना चुकलंय. भाचीला पहिल्या आठवड्यात एका परिच्छेदाला वीस मिनिटं लागायची. चौथ्या आठवड्यात तिने मलाच फोटो पाठवला, 'मामा, यांचं चुकलंय बघ' म्हणून, आणि खरंच चुकलं होतं.

रिकाम्या जागा भरायला ही पाच वाक्यं. उत्तरं खाली आहेत, लगेच बघू नका.

१. ताईने माझ्या डब्यातल__ सगळ__ भाकरी खाल्ल__.
२. (मुलगी बोलते आहे) मी छत्री घरीच विसरल__.
३. शेजाऱ्यांनी आमच्या मांजरीला हाकलल__.
४. तू गॅस बंद केला__ का?
५. तुझ्यामुळे माझ__ वेळ गेल__ आणि गाडीच__ वेळ टळल__.

उत्तरं. पहिलं: डब्यातली सगळी भाकरी खाल्ली. 'भाकऱ्या' असत्या तर डब्यातल्या सगळ्या भाकऱ्या खाल्ल्या; रांग पूर्ण बदलते. दुसरं: विसरले, कारण विसरणे हट्टी क्रियापदांपैकी आहे. तिसरं: हाकललं, मोकळं कोणीच नाही. चौथं: केलास. पाचवं: माझा वेळ गेला आणि गाडीची वेळ टळली. भाचीने पाचवं पहिल्या फटक्यात बरोबर सोडवलं आणि खाली लिहिलं, "मामा, हे तू मुद्दाम दिलंस ना? मागच्या रविवारचं?" 'दिलंस' मधला 'स' तिने घातला होता.